कोल्हापूरचा परदेशाशी संबंध फक्त चपलेपुरता? एका फिरत्या मजकुराला उत्तर

गेले काही महिने एक मजकूर कोल्हापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. तालमीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, गल्लीच्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर. मला तो चार ठिकाणांहून आला. शेवटी मेहुण्याने पाठवला आणि खाली विचारलं, "दाजी, हे खरं हाय का?" त्याचा पोरगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे प्रश्न गमतीचा नव्हता. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

मजकूर थोडक्यात असा. कोल्हापूर म्हणजे शेती, दूध आणि कुस्ती. परदेशी व्यापार या मातीत कधी नव्हताच. बंदर नाही, आंतरराष्ट्रीय विमानतळ नाही, मग निर्यात होणार कशी? बाहेर जाते ती चप्पल, आणि तिचेही पैसे इटलीवाले खाणार. परदेशी कंपनी पुण्याच्या खाली उतरत नाही. जगात युद्ध होवो की मंदी येवो, कोल्हापूरला झळ लागत नाही, कारण देणंघेणंच नाही. तेव्हा पोरांनो, पुणं गाठा.

मी शिरोली एमआयडीसीत निर्यातीची कागदपत्रं करतो. एकोणीस वर्षं झाली. हा मजकूर वाचून मला राग आला, आणि तो एका दिवसात उतरला नाही, म्हणून लिहायला बसलो.

पहिला मुद्दा, मातीचा. टाऊन हॉलच्या संग्रहालयात शाळेच्या सहलीतून आपण सगळेच जाऊन आलोय आणि बहुतेकजण तोफा बघून बाहेर पडलोय. पुन्हा जा आणि आतली एक छोटी ब्राँझची मूर्ती शोधा. दाढीवाला, उघड्या अंगाचा पुरुष. तो पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत १९४४-४५ च्या सुमारास प्रा. कुंदनगार यांना जो ब्राँझचा साठा सापडला त्यात तो होता. सोबत रोमन घडणीचे सुरईसारखे जग होते, आरसे होते. लगेच पुढे १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातली नांदती वस्ती उजेडात आली. सातवाहनांच्या काळात भूमध्य समुद्राकाठची वस्तू जहाजाने कोकण किनाऱ्याला लागत होती आणि घाट चढून पंचगंगेच्या काठी येत होती. तेव्हा इथे कुणीतरी ती विकत घेण्याइतका सधन होता आणि बदल्यात द्यायला त्याच्याकडे काहीतरी होतं. ज्या गावाला बंदर नाही म्हणून हिणवतात त्या गावात समुद्राचा देव मिळालाय, हे मला फार मोलाचं वाटतं.

बंदर कधीच नव्हतं हेही खरं नाही. कोल्हापूर राज्याकडे मालवण होतं, सिंधुदुर्ग होता. १७९२ च्या तहात इंग्रजांनी मालवणला आणि कोल्हापूरला वखार घालण्याची परवानगी मागून घेतली. व्यापारच नव्हता तर वखार कशाला हवी होती? पुढे १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांकडे गेलं आणि कोल्हापूरचा समुद्र सुटला. म्हणजे बंदर आपल्याकडून घेतलं गेलं. राजापूरच्या खाडीतून अणुस्कुऱ्याने वर येणारी वाट तर त्याच्याही आधीची. नंतर १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली. रेल्वेच्या तोंडाशी गुळाची पेठ वसवणारा राजा गूळ गावातच खपवायचा विचार करत नव्हता, एवढं तर उघड आहे.

आता बंदर नाही म्हणून निर्यात नाही, या मुद्द्याकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं आयुष्य यातच गेलंय.

तिरुपूरला समुद्र नाही. लुधियानाला नाही. मुरादाबादपासून तर समुद्र हजारावर किलोमीटर लांब. तरी होजिअरी, सायकलींचे भाग आणि पितळी वस्तू तिथूनच जगभर जातात. कोल्हापुरातून न्हावा शेवा चारशे किलोमीटरच्या आत आहे. संध्याकाळी शिरोलीतून सुटलेला कंटेनर, वाटेत काही अडलं नाही तर, दुसऱ्या दिवशी बंदरात असतो.

त्या कंटेनरमध्ये असतं काय? बहुतेक वेळा बीड, म्हणजे ओतीव लोखंड. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आणि शहरातलं जुनं उद्यमनगर धरून लहानमोठ्या तीनशेच्या घरात फौंड्री आहेत. याचं मूळ उसात आहे. उसाला पाणी, पाण्याला पंप, पंपाला इंजिन. गुऱ्हाळाच्या चरकालाही इंजिन. म्हादबा मेस्त्रींसारख्या, शाळेत न शिकता हाताने शिकलेल्या कारागिरांनी इथे यंत्रविद्येचा पाया घातला. उद्यमनगरात ऑईल इंजिनं बनू लागली आणि इंजिन आलं की ओतकाम आलंच. पुढे शेतात विजेच्या मोटारी आल्या, इंजिनांची मागणी उतरली. तेव्हा याच लोकांनी ट्रक आणि ट्रॅक्टरचे भाग ओतायला घेतले. त्यातून मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांची कामं मिळाली, त्यांच्या परीक्षा पास झाल्या आणि मग परदेशी ग्राहक आला. एवढी साखळी उसाच्या सरीतून सुरू झाली. ती कुणी बाहेरून आणून ठेवलेली नाही.

परदेशी ग्राहकाला काय लागतं, ते पोरांना दाखवावंसं वाटतं. भट्टीतून रस, म्हणजे वितळलेलं लोखंड, काढण्याआधी रुपयाएवढी चकती ओतून तपासायला जाते. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक किती, याचा आकडा आल्याशिवाय रस साच्यात जात नाही. ओतलेल्या प्रत्येक भागावर त्या दिवसाचा कोड असतो. तीन वर्षांनी परदेशात कुठे तडा सापडला तर आम्हाला इथे बसून सांगावं लागतं की तो कुठल्या दिवशी, कुठल्या भट्टीतून, कुठल्या पाळीत ओतला. युरोपातले काही ग्राहक आता टनामागे वीज किती जळली तेही विचारतात. असं सगळं लिहून ठेवणारी माणसं वडणगे, हेर्ले, नागाव, पुलाची शिरोली अशा गावांतून मोटारसायकलवर कामाला येतात.

नंतर पॅकिंग. बिडाला गंज चढायला पावसाळ्यातली एक रात्र पुरते आणि हा माल महिनाभर खाऱ्या हवेत राहणार असतो. म्हणून प्रत्येक भाग गंजरोधक पिशवीत जातो. खाली लाकडी पॅलेट. ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेलं असावं लागतं, म्हणजे आतली कीड मरते, आणि तसं केल्याचा शिक्का त्यावर हवा. शिक्क्यात गव्हाची लोंबी असते आणि देशाची खूण. मी नोकरीत नवा असताना एका पुरवठादाराने दिलेल्या पॅलेटांपैकी काहींवर शिक्काच नव्हता आणि ते आमच्या नजरेतून सुटलं. माल उत्तम होता, कागदं चोख होती, पण कंटेनर पलीकडच्या बंदरात अडकला. भाडं चढत गेलं, धुरी द्यावी लागली आणि त्या खेपेचा नफा तिथेच संपला. तेव्हापासून मी कंटेनर बंद होण्याआधी स्वतः वाकून प्रत्येक पॅलेटची लोंबी बघतो. आणखी एक सांगतो. वीस फुटी कंटेनर आमच्या मालाने उंचीला निम्माही भरत नाही, त्याआधीच वजनाची मर्यादा येते. कापूस भरणाऱ्याला हे पटत नाही, पण बीड असंच असतं.

मग हे कुणाला दिसत का नाही? कारण कोल्हापूरचा बराचसा माल दुसऱ्याच्या पोटात बसून जातो. शिरोलीत ओतलेलं हाउसिंग, म्हणजे यंत्राचं बिडाचं कवच, चाकणला जातं, तिथे इंजिनात बसतं, इंजिन ट्रॅक्टरमध्ये आणि ट्रॅक्टर जहाजात. कागदावर तो ट्रॅक्टर पुण्याचा. इचलकरंजीचं कोरं कापड बालोतरा, अहमदाबादकडे रंगायला जातं, कुठल्यातरी तिसऱ्या शहरात शिवलं जातं आणि गळ्याशी लेबल लागतं त्या तिसऱ्या शहराचं. गूळ मार्केट यार्डात सौद्यात निघतो, तिथून मुंबईच्या निर्यातदाराकडे जातो आणि आखातात पोहोचतो तोवर पुड्यावर दुसऱ्याच गावाचा पत्ता असतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच कारणासाठी महत्त्वाचं आहे, निदान नाव तरी टिकावं. निर्यातीच्या शिपिंग बिलात आता माल मूळ कुठल्या जिल्ह्यातला हे लिहावं लागतं, पण ते थेट निर्यात करणाऱ्याचं झालं. चाकणच्या इंजिनातल्या कोल्हापूरच्या बिडाला त्यात रकाना नाही. नोंद नाही म्हणून काम नाही, असं कुणी म्हणू लागलं तर घरात राबणाऱ्या प्रत्येक बाईलाही आपण तेच ऐकवत असतो.

चपलेवर मी कमी लिहिणार होतो, पण मजकुरात तिचा उल्लेख इतक्या हलकेपणाने झालाय की राहवत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानला प्राडाने पुरुषांच्या फॅशन शोमध्ये जे सँडल दाखवले ते उघड उघड आपल्या चपलेवरून घेतलेले होते, आणि नाव मात्र कुठेच नव्हतं. इथपर्यंत मजकूर लिहिणाऱ्याचा राग माझाही आहे. पण पुढचं त्याने गाळलंय. ओरड झाली, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिलं, कंपनीने मूळ कोल्हापुरीचं असल्याचं मान्य केलं आणि जुलैत त्यांची माणसं इथे येऊन गेली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथल्या कारागिरांच्या हातून, किंमत जोडीला सुमारे ९३० डॉलर.

त्यातलं कारागिराच्या हातात किती पडेल, हा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि मी तो विचारत राहीन. बाभळीची साल आणि हिरड्यात म्हशीचं कातडं पक्कं करायचं, तळ एकावर एक बसवून कातड्याच्याच वादीने शिवायचा, खिळा मारायचा नाही, वेणी हाताने विणायची. एवढं करून वर्षानुवर्षं महाद्वार रोडला घासाघीस सोसलेली माणसं आहेत ही. पण त्यांना जगाने विचारलं नाही असं कसं म्हणता येईल? जगाने विचारलं, चोरूनही विचारलं. आपण कमी पडलो ते संरक्षणात. २०१९ चं भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे अशा आठ जिल्ह्यांचं आहे. ते नावाचं रक्षण करतं, घाटाचं म्हणजे आकाराचं नाही, आणि तेही देशापुरतं. कुणी परदेशात 'कोल्हापुरी' हा शब्द न वापरता तसाच घाट केला तर हा कागद अपुरा पडतो. लढायचं असेल तर इथे लढायला हवं.

आणि चप्पल हीच एकमेव निर्यात असं मानणाऱ्याने एकदा कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत जावं. इंडो काउंट ही कंपनी तिथे चादरी आणि पलंगपोस बनवते. तिचा बहुतांश माल परदेशी जातो, अमेरिका सगळ्यात मोठी गिऱ्हाईक. अमेरिकेतल्या कुणाच्या तरी अंथरुणावर आज रात्री कोल्हापूर जिल्ह्यात शिवलेली चादर असेल आणि त्याला पत्ता नसेल.

परदेशी कंपनी पुण्याच्या खाली येत नाही, हे वाक्य कागलच्या पंचतारांकित वसाहतीत उभं राहून कुणी बोललं नसतं. तुर्कस्तानच्या सोक्ताशने शर्टाच्या भारी सुती कापडाचा कारखाना तिथे काढला. २०१९ मध्ये तो बिर्लांच्या ग्रासिमने घेतला, म्हणजे परदेशी माणसाने घातलेलं बी देशी हातात गेलं आणि चालू राहिलं. त्याच वसाहतीत रेमंडने इटलीच्या झंबाईती समूहाबरोबर भागीदारीत कापडाचा कारखाना उभा केला, तीही भागीदारी पुढे संपली आणि कारखाना रेमंडकडे राहिला. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला. आज तिथल्या नव्या शेडमध्ये शिरलात तर मागावर जपान, बेल्जियम किंवा इटलीतल्या कंपनीचं नाव दिसेल. फौंड्रीतल्या मोठ्या मोल्डिंग लाइन डेन्मार्क, जर्मनी, जपानच्या. त्या बिघडल्या की तिकडचा इंजिनिअर येतो, आठवडाभर राहतो आणि तिसऱ्या दिवशी न सांगता तांबड्या रश्श्याची वाटी पुढे करतो.

इटलीचं नाव आलंच आहे म्हणून एक आठवण. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं आणि तिथल्या बागेत त्यांचं स्मारक आहे. त्या शहरातल्या एका पुलाचं नावही त्यावरूनच पडलंय. हा व्यापार नव्हे. १९४३ ते १९४८ वळिवड्याला राहिलेल्या पाच हजारांच्या आसपास पोलंडच्या निर्वासितांची छावणीही व्यापार नव्हे. पण वॉर्सात कोल्हापूरच्या नावाची शिळा आहे आणि इकडे कोल्हापूरला कुणी ओळखत नाही म्हणून आपलीच माणसं मजकूर फिरवतात, हे वाचून वाईट वाटतं.

झळ लागत नाही, हा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो अभिमानाने सांगितला जातो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा-पंधरा दिवस वाढले, भाडी कडाडली. त्या महिन्यांत आमच्या ऑफिसात रोज सकाळी नकाशा उघडून जहाज कुठवर पोहोचलं ते बघत होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा चादरीच्या कारखान्यांपासून बिडाच्या भट्ट्यांपर्यंत प्रत्येक चहाच्या टपरीवर तोच विषय होता. हुपरीच्या चांदी कारागिराला विचारा. देशाला लागणारी बरीचशी चांदी बाहेरून येते आणि दर लंडन-न्यूयॉर्कला ठरतो, म्हणून पैंजणाची साखळी जोडणारा माणूस मोबाइलवर तिकडचा भाव बघत असतो. ऊस उत्पादकाला विचारा. २०२१-२२ च्या हंगामात देशाची साखर निर्यात शंभर लाख टनांच्या वर गेली, जून २०२२ पासून तिच्यावर बंधनं आली, २०२३-२४ मध्ये परवानगी जवळजवळ मिळालीच नाही. साखरेला बाहेरची वाट बंद झाली की उसाच्या बिलाची ओढाताण शिरोळ-कागलच्या घरात पोहोचते. झळ लागते. ती कुठून येते हे कळलं तर निदान तयारी करता येते.

आता या मजकुरात खरं काय आहे तेही सांगतो, नाहीतर मीही एकतर्फी लिहितोय असं होईल. उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ चा, नवीन टर्मिनल मार्च २०२४ मध्ये झालं, पण परदेशी विमान नाही. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्ग मंजूर होऊन वर्षं लोटली. तो झाला तर कोकण रेल्वे आणि किनाऱ्यावरची बंदरं हाताशी येतील, आज ती घाटापलीकडेच आहेत. आणि महामार्ग.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्ग आठवडाभर पाण्याखाली होता. आमचा भरलेला कंटेनर गेटच्या आत उभा होता, सील लावलेला, कागदं तयार. चारशे किलोमीटरमधले पहिले तीनच ओलांडता येत नव्हते. जहाज चुकलं, पुढच्या जहाजात जागा मिळायला आणखी वेळ गेला. ग्राहकाला पुराचे फोटो पाठवले, त्याने समजून घेतलं, गोड उत्तर दिलं. पुढच्या वर्षीच्या ऑर्डरीत मात्र आमचा आकडा निम्मा होता, उरलेला दुसऱ्या देशातल्या फौंड्रीला गेला होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच रस्ता, पुन्हा तेच पाणी.

मेहुण्याला मी म्हटलं, फॉरवर्ड करायचंच असेल तर हे कर. आणि पोराला येत्या शनिवारी सकाळी शिरोलीला पाठवून दे, कंटेनर भरायचा आहे.